जर्मन जर्मनमधूनच ऐकून शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जर्मन शिकवताना हे प्रश्न मला सतत विचारले जातात. विचारणारे बहुतेक अगदी पहिल्या पायरीवर असतात. कोणी नर्सिंग झालेल्या मुली, कोणी आयटीआय करून आउसबिल्डुंगला, म्हणजे जर्मनीतल्या व्यवसाय-प्रशिक्षणाला, जायची तयारी करणारी मुलं, तर कोणाचा नवरा किंवा बायको तिकडे असल्यामुळे ए१, म्हणजे पहिल्या पातळीची, परीक्षा द्यायची असते (पुढे ए२, बी१, बी२ अशा पायऱ्या चढत जातात). या सगळ्यांना मी सुरुवातीपासूनच पूर्ण जर्मनमधले ऑडिओ धडे ऐकायला लावते. पहिल्या दिवशी बहुतेकांचा चेहरा पडतो. तो पडू नये म्हणून ही उत्तरं.

पूर्ण जर्मनमधला ऑडिओ कोर्स म्हणजे नक्की काय?

ज्यात शिकवणाऱ्याचं बोलणंही जर्मनच असतं तो. सूचना जर्मनमध्ये, प्रश्न जर्मनमध्ये, समजावणंही जर्मनमध्ये. मध्येच कोणी इंग्रजीत अर्थ सांगत नाही. पण तो नवशिक्यासाठी बेतलेला असतो, म्हणून वाक्यं छोटी, बोलणं सावकाश आणि तेच ते शब्द फिरून फिरून येणारे. जर्मन रेडिओवरच्या बातम्या किंवा जर्मन सिनेमा म्हणजे असा कोर्स नव्हे. या दोन्हींत लोक गल्लत करतात आणि मग 'आम्ही ऐकून पाहिलं, काही कळलं नाही' म्हणतात.

एक नमुना देते. सफरचंदाचा करकरीत घास घेतल्याचा आवाज येतो. बाई म्हणतात, 'दास इस्ट आइन आप्फेल.' पुन्हा घास. 'इस्ट दास आइन आप्फेल?' थोडी शांतता. 'या, दास इस्ट आइन आप्फेल.' मग आवाजात जरा आश्चर्य आणून, 'इस्ट दास आइने बनाने?' पुन्हा शांतता. 'नाइन! दास इस्ट काइने बनाने. दास इस्ट आइन आप्फेल.' आणि शेवटी, 'वास इस्ट दास?' एवढं झालं की ऐकणाऱ्याच्या तोंडून 'आप्फेल' आपसूक निघतं. होकार, नकार, 'काय' हा प्रश्न आणि आप्फेलच्या आधी 'आइन' पण बनानेच्या आधी 'आइने' येतं ही कानाला लागलेली खूण, हे सगळं दोन मिनिटांत पदरात पडतं. यात नियम कोणीच सांगितलेला नसतो.

एकही शब्द येत नसताना समजणार कसं?

चांगला कोर्स तुम्हाला अंधारात सोडत नाही. तो ओळखीच्या शब्दांपासून सुरू होतो : टेलेफोन, होटेल, टाक्सी, बुस, मुझीक, काफे, टे. जर्मनचा ज म्हणता येत नसला तरी हे कळतात. त्यांच्याभोवती दोन-चार नवे शब्द येतात. दार वाजल्याचा, गाडी सुटल्याचा, कपात चहा ओतल्याचा आवाज येतो. बोलणाऱ्याचा सूर मदत करतो. आणि तेच वाक्य पाच रूपांत समोर येतं.

तरीही नुसत्या ऑडिओची एक मर्यादा आहेच. वर्गात शिक्षक खिडकीकडे बोट दाखवून 'दास फेन्स्टर' म्हणू शकतो, रेकॉर्डिंगमधल्या आवाजाला बोट नसतं. म्हणून पहिले काही आठवडे मी चित्र किंवा व्हिडिओ असलेले धडे आधी बघायला सांगते आणि मग तेच धडे स्क्रीन बंद करून ऐकायला. बघितलेलं डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी कान मोकळेपणी काम करतो.

आज्ञार्थी वाक्यांचे धडे असतील तर ते बसून ऐकू नका. 'श्टे आउफ' ऐकलं की उठा, 'ज़ेत्स दिश' ऐकलं की बसा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात ही रीत मांडली : आधी ऐकून शरीराने उत्तर द्यायचं, बोलणं नंतर. घरचे बघतील म्हणून लाजू नका, अंगाने केलेली कृती शब्दाला घट्ट धरून ठेवते.

इंग्रजीतून जर्मन शिकवणारे ढीगभर कोर्स आहेत. मग हा अट्टहास कशासाठी?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मराठी माध्यमात शिकलेली, नर्सिंगमध्ये हुशार असलेली मुलगी जेव्हा इंग्रजीतून जर्मन शिकायला बसते, तेव्हा तिच्या डोक्यात दोन भाषा एकदम झगडत असतात. शिक्षक इंग्रजीत 'अ‍ॅक्युझेटिव्ह' म्हणतो, ती आधी त्या शब्दाचा अर्थ शोधते आणि तोवर धडा पुढे गेलेला असतो. मग तिला वाटतं, आपल्याला जर्मन जमत नाही. खरं तर तिची अडचण जर्मनची नसतेच. इंग्रजी येणं ही जर्मन शिकण्याची अट कधीच नव्हती, ती आपल्याकडच्या क्लासांनी आणि पुस्तकांनी घातली.

पूर्ण जर्मनमधल्या कोर्समध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, दोघंही एकाच रेषेवर उभे असतात. 'वास इस्ट दास?' दोघांनाही सारखंच नवं असतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला, तेव्हापासून छोट्या गावांतली मुलंही जर्मनची चौकशी करू लागली आहेत. त्यांना आधी इंग्रजी सुधारा आणि मग जर्मनकडे या, असं कोणी सांगितलं की मला मनापासून राग येतो.

दुसरं कारण कानाचं आहे. डोळ्यांनी शिकलेला माणूस 'फाटर' असं वाचतो आणि पाठ करतो, पण जर्मन माणूस ते जवळजवळ 'फाटा' असं म्हणतो. पाणी या अर्थाचा 'वासर' कानाला 'वासा' लागतो. वाचून शिकलेल्याला येत असलेला शब्दही ओळखू येत नाही. ज्याने तो आधी ऐकलेला असतो त्याला ही अडचण येत नाही, फक्त शेवटी र लिहायचा एवढं नंतर लक्षात ठेवावं लागतं.

ही पद्धत नवीन आहे का?

अजिबात नाही. माक्सिमिलियान बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात भाषाशाळा काढली आणि शिकायची भाषा सोडून वर्गात दुसरी भाषा वापरायची नाही हा नियम केला.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. १९८१ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या संस्कृत भारतीची संभाषण शिबिरं आपल्या गावोगावी होतात. दहा दिवस, रोज दोन तास, आणि शिकवणं सगळं संस्कृतमधून. 'एषः कः? एषा का? एतत् किम्?' असं वस्तू दाखवत दाखवत विचारत जातात. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलेली पण पाणी मागण्यापुरतंही वाक्य न जुळणारी माणसं तिथून चार वाक्यं बोलत बाहेर पडतात. आकाशवाणीच्या सकाळच्या संस्कृत बातम्या तर घरात कानावर पडत असतच. 'इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्' याचा अर्थ आपल्याला कोणी शिकवला नव्हता, रोज ऐकून कळला.

मराठीत अर्थ बघितला तर बिघडतं का?

नाही. काही शिक्षक मातृभाषेला वर्गाबाहेर चपलांसारखं काढून ठेवायला सांगतात, मला ते पटत नाही. एखादा शब्द तीन-चारदा ऐकूनही अडला तर शब्दकोश उघडा, अर्थ बघा, परत ऐका. फक्त धडा चालू असताना थांबवून प्रत्येक शब्दाचा मराठी अर्थ लिहीत बसू नका. तसं केलं की कान ऐकणं सोडून भाषांतर करू लागतो, आणि समोरचा माणूस काही तुमच्यासाठी थांबणार नसतो. ऐकण्याच्या वेळात जर्मन, ऐकून झाल्यावर हवं तेवढं मराठी, एवढी शिस्त पुरते.

मराठी माणसाला काय सोपं जातं आणि काय अवघड?

सोपं पुष्कळ आहे, आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही.

'चाक', 'चूल', 'चोर' यांतला दंततालव्य च हिंदी भाषकाला जमत नाही, इंग्रजांना शब्दाच्या सुरुवातीला जड जातो. जर्मन भाषेत तो पावलोपावली आहे. आगगाडीला जो जर्मन शब्द आहे त्याचा उच्चार आपल्या 'चूक' या शब्दाशी तंतोतंत जुळतो. देवनागरीत तो 'त्सूग' असा लिहिलेला दिसतो आणि उगाच भीती वाटते. ऐका, म्हणजे कळेल.

आकडे घ्या. जर्मनमध्ये पंचेचाळीस म्हणताना आधी पाच येतात, मग चाळीस : 'फ्युन्फ-उंड-फीर्त्सिश'. इंग्रजीवरून येणारे यात हमखास अडखळतात. आपल्या 'पंचेचाळीस'मध्येही पाच आधीच आहेत. मराठीतून विचार करणाऱ्याचा कान इथे आधीपासून तयार असतो, फक्त मधे इंग्रजीचा 'फॉर्टी फाइव्ह' आणायचा नाही.

वाक्यरचनेतही असंच आहे. 'कारण मी आजारी आहे' याला जर्मनमध्ये 'वाइल इश क्रांक बिन' म्हणतात. शब्द एकास एक त्याच क्रमाने : कारण, मी, आजारी, आहे. इंग्रजी माध्यमातल्या पुस्तकात याच रचनेवर अख्खं प्रकरण असतं. तू आणि तुम्ही हा भेद 'डू' आणि 'झी' यांत आहे, तोही आपल्याला समजवावा लागत नाही.

लिंगं तीन, आपल्यासारखीच. पण इथे सावध राहा. 'दास बूख' आणि 'ते पुस्तक', 'दास किंड' आणि 'ते मूल' जुळतात, म्हणून सगळंच जुळेल असं धरून चालू नका. आपली किल्ली 'ती', जर्मन किल्ली 'डेर श्ल्युसेल'. सूर्य आपल्याकडे 'तो', तिकडे 'डी झोने'. म्हणून शब्द एकटा कधीच ऐकू नका, त्याचं लिंग दाखवणाऱ्या डेर-डी-दाससकट ऐका आणि म्हणा. ऑडिओचा इथे फार फायदा होतो, कारण बोलताना तो शब्द सहसा एकटा येतच नाही.

अवघड जातात ते स्वर. 'शोन' म्हणजे आधीच, आणि 'श्योन'सारखा लिहिला जाणारा शब्द म्हणजे सुंदर. ओठ 'ओ'साठी गोल करून आतून 'ए' म्हणायचा प्रयत्न केला तर तो दुसरा स्वर निघतो. तसंच ओठ 'ऊ'चे आणि आवाज 'ई'चा केला तर 'फ्युन्फ'मधला स्वर. 'इश'मधला शेवटचा आवाज आपला श नाही, श आणि ह यांच्या मधला आहे. चर्च या अर्थाचा आणि चेरी या अर्थाचा शब्द फक्त या एका आवाजाने वेगळे होतात. आधी फरक ऐकू यायला हवा, जीभ त्यानंतर वळते.

एक धडा किती वेळा ऐकायचा?

पहिल्यांदा शांत जागी बसून, दुसरं काही न करता. त्याच दिवशी आणखी एकदा. दुसऱ्या दिवशी नवा धडा सुरू करण्याआधी परत. आठवड्याने पुन्हा एकदा. पोळ्या लाटताना, लोकलमध्ये, कपडे वाळत घालताना ऐकणं उत्तम, पण ते आधी ऐकलेल्या धड्यासाठी. नवा धडा हात कामात असताना ऐकला तर तो नुसता कानावरून जातो. दुचाकी चालवताना इयरफोन लावू नका, कितीही सिग्नल लागत असले तरी.

रोज वीस-तीस मिनिटं ऐकणाऱ्याची प्रगती रविवारी चार तास बसणाऱ्यापेक्षा चांगली होते.

ऐकताना लिहून घेऊ का?

पहिल्या दोन ऐकण्यांत नाही. तिसऱ्या वेळी दोन-तीन वाक्यं थांबवून थांबवून लिहा आणि धड्याच्या मजकुराशी ताडून पाहा. जिथे चुकलं तिथेच तुमचा कान कच्चा आहे, हे नेमकं कळतं. जर्मन शब्द देवनागरीत लिहायची सवय मात्र पहिल्या आठवड्यातच सोडा. मी इथे लिहिलेत ते अजून सुरुवात न केलेल्यांसाठी. देवनागरी जर्मन स्वरांना पुरत नाही.

मला काहीच कळत नाही. चालू ठेवू का?

'काहीच' कळत नसेल तर थांबा. चिकाटीने ऐकत राहिलं की एक दिवस कळायला लागतं, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने अनेकांचं नुकसान होतं. न समजणारी भाषा कितीही तास ऐकली तरी ती गोंगाटच राहते. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेला मुद्दा हाच होता : भाषा अंगवळणी पडते ती समजलेल्या मजकुरातून, आणि तो मजकूर आपल्या पातळीच्या किंचित पुढचा असावा. शब्दसंग्रहाचा अभ्यास करणारे तर वाचनाबाबत शंभरातले ९५ ते ९८ शब्द ओळखीचे असावेत असं सांगतात. नवशिक्याच्या धड्यात इतकं शक्य नसतं, पण गोष्टीचा धागा हातात राहिला पाहिजे.

माझी कसोटी साधी आहे. धडा दोनदा ऐकल्यावर तो कशाबद्दल होता, कोण कोणाशी बोलत होतं आणि काय झालं, हे मराठीत तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. आलं तर धडा तुमचा आहे, प्रत्येक शब्द कळला नसला तरी. नाही आलं तर एक पायरी खाली या. यात कमीपणा नाही.

बोलायला कधी लागायचं?

पहिले दोन-तीन आठवडे नुसतं ऐकून 'या', 'नाइन' आणि एकेका शब्दात उत्तर दिलं तरी पुरे. त्यानंतर धड्यातल्या माणसाच्या मागोमाग, त्याच चालीत, मोठ्याने म्हणायला लागा. मनातल्या मनात म्हटलेलं धरायचं नाही.

फक्त ऐकून बोलणं आपोआप येईल असं मी सांगणार नाही. कॅनडात फ्रेंचमधून शाळेचे विषय शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी केला, त्यावरचं त्यांचं लेखन १९८५ चं आहे. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांची समज उत्तम झाली होती, पण बोलण्या-लिहिण्यातल्या चुका टिकून होत्या. स्वतः वाक्य जुळवायची वेळ आली की आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कोणाशी बोला : क्लासमधली मैत्रीण, शेजारचा दादा, कोणीही. दोघंही नवशिके असाल तरी चालेल.

व्याकरणाचं पुस्तक लागेल का?

लागेल, पातळसं. काही गोष्टी कानाला निसटतात. 'डेन' आणि 'डेम' या 'डेर'च्या दोन रूपांतला फरक भरभर बोलण्यात जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि परीक्षेत तोच विचारतात. क्रम एवढाच ठेवा : आधी धड्यात रचना भरपूर ऐका, मग तक्ता बघा. भरपूर ऐकलेल्या माणसाला तक्ता बघून 'अच्छा, म्हणून ते असं म्हणत होते' असं होतं, आणि तो पाठ करायला फारसे कष्ट पडत नाहीत.

एवढ्यावर गोएथे इन्स्टिट्यूटची ए१ परीक्षा पास होईन?

ऐकण्याचा भाग नक्की चांगला जाईल. तो साधारण वीस मिनिटांचा असतो. संवाद दोनदा ऐकवतात, पण स्टेशनवर होतात तशा सूचना एकदाच, आणि तिथेच लोकांचे गुण जातात. ज्यांचा कान तयार आहे त्यांना एकदा पुरतं.

बाकीच्या भागांची तयारी वेगळी करावी लागेल. लेखनात फॉर्म भरणं आणि छोटा निरोप लिहिणं असतं. तोंडी परीक्षेत ओळख करून देताना नावाचं स्पेलिंग आणि एखादा आकडा सांगायला लावतात, म्हणून जर्मन बाराखडी आणि आकडे रोज म्हणा. पातळीची शब्दसूची सुमारे ६५० शब्दांची आहे. शंभरपैकी साठ गुणांना उत्तीर्ण.

जोडीदाराकडे जाण्यासाठी २००७ पासून सर्वसाधारणपणे ए१ लागतं, काही प्रकारांत सूट आहे. तुमच्या व्हिसाला काय लागू आहे ते वकिलातीच्या सूचनांत वाचा, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका. नर्सिंगसाठी साधारण बी२ पर्यंत मजल मारावी लागते, तेव्हा ए१ ला मुक्काम समजू नका.

सुरुवात कुठून करू? पैसे लागतील का?

सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही. डॉयचे वेले या जर्मनीच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची 'निकोस वेग' ही मालिका फुकट आहे. स्पेनहून आलेल्या निकोची बॅग विमानतळावर हरवते तिथून ती सुरू होते, संवाद सगळे जर्मनमध्ये, आणि ए१ पासून बी१ पर्यंत ती तुम्हाला नेते. व्हिडिओ आहे, म्हणूनच सुरुवातीसाठी ती सुचवते. बघून झालेला भाग नुसता ऐका.

कोणताही कोर्स घेण्याआधी मधलाच एखादा धडा ऐकून पाहा. बोलणारे खरे वाटतात का, मजकूर लिहिलेला मिळतो का, आणि उत्तर द्यायला थांबा ठेवलाय का, हे तीन पाहा. तिसरं नसेल तर तो नवशिक्यासाठी बनवलेला नाही.

आमचं वय साठीच्या पुढे आहे. नातवंडं म्युनिकला आहेत. जमेल का?

जमेल. तुम्हाला परीक्षा द्यायची नाही, म्हणजे घाई नाही. आकडे, रंग, खाणंपिणं, दुकान आणि ट्रामच्या घोषणा एवढे धडे घ्या. नातवाला फोनवर 'वास इस्ट दास?' विचारत जा, त्याच्याइतका उत्साही शिक्षक मिळणार नाही. फक्त त्याच्याशी मराठी बोलणंही सोडू नका. त्याच्या आसपास जर्मन बोलणारे हजारो आहेत, मराठी बोलणारे तुम्हीच आहात.

ए२ पर्यंतचे धडे संपले. आता काय ऐकू?

इथे बरेचजण एकदम सिनेमाकडे धावतात आणि निराश होतात. मधली पायरी घ्या. डॉयचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या, 'लांगज़ाम गेश्प्रोखेने नाखरिश्टेन', आठवड्यातले बहुतेक दिवस येतात आणि सोबत पूर्ण मजकूर असतो. त्या बी१च्या पुढच्यांसाठी म्हणून दिल्या जातात, पण ज्या दिवशी बातमी भारतातली किंवा क्रिकेटची असेल त्या दिवशी ए२वालाही ऐकू शकतो, कारण काय घडलंय ते त्याला आधीच ठाऊक असतं. सकाळी मराठी पेपर वाचून झाल्यावर लावा.